घोट्याची शीर वारंवार दुखते? दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला असा घ्या

घोट्याजवळची शीर धरली की आपल्याकडे पहिला महिना मालिशीत जातो, दुसरा गावातल्या सुईवर निघतो आणि मग कुठं तालुक्याच्या हाडाच्या डॉक्टरांकडे नंबर लागतो. गोळ्यांनी पंधरा दिवस बरं वाटतं. वेचणीला उभं राहिलं की पाय पुन्हा तसाच. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "एकदा नागपूरले दाखवून द्या न." पण कोणाला दाखवायचं, सोबत काय न्यायचं आणि तिथं विचारायचं काय, हे सांगणारं कोणी भेटत नाही. गावातल्या आयाबायांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन वर्धा-नागपूरच्या दवाखान्यांत माझं जाणं-येणं असतं. मी डॉक्टर नाही. पण रिकाम्या हातानं गेलेला माणूस कसा परत येतो आणि तयारीनं गेलेला कसा, हे मी जवळून पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं एक मत आधीच सांगतो. दुसरा सल्ला घ्यायला जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण नव्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून सुरू करतात. जुने कागद घरी राहतात, नव्या डॉक्टरांना आधीचं काही माहीत नसतं, ते पुन्हा त्याच दुखण्याच्या गोळ्या लिहितात आणि भाडं-तिकीट वाया जातं. आजवर काय झालं त्याचा हिशोब आणि एक नेमका प्रश्न, एवढं सोबत असलं तर त्या खेपेचं चीज होतं.

आधी पाहा, वेळ आली आहे का

आपण जिला शीर म्हणतो, म्हणजे स्नायू हाडाला जिथं बांधलेला असतो त्या दोरीसारख्या भागाला, डॉक्टर टेंडन म्हणतात, मराठी पुस्तकांत कंडरा. वर्षानुवर्षं ताण पडला की तिची अवस्था जुन्या कासऱ्यासारखी होते. दोर तुटलेला नसतो, पण पीळ सैल होतात आणि ओढ बसली की कुरकुर सुरू होते. अशी कंडरा सावकाश भरते. टाचेमागच्या कंडरेसाठी जगभर वापरला जाणारा व्यायामाचा जो क्रम आहे, तोच मुळी 12 आठवड्यांचा आहे. टाच उचलून हळूहळू खाली सोडायची, 15 वेळा, अशा 3 फेऱ्या, दिवसातून दोनदा. 1998 मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी तो मांडला.

म्हणून पहिल्या डॉक्टरांनी व्यायाम दिला असेल आणि तुम्ही तो आठ दिवस करून सोडला असेल, तर दुसरीकडे जाण्याआधी तोच पूर्ण करा. दुसरे डॉक्टर बहुधा तेच सांगतील.

पण तीन महिने मनापासून उपचार करून फरक नाही, दर खेपेला फक्त दुखण्याची गोळी मिळते, आजाराचं नाव कोणी सांगत नाही किंवा प्रत्येक जण वेगळं सांगतो, असं असेल तर दुसरा सल्ला घ्याच. आणि टाचेत इंजेक्शन किंवा ऑपरेशन सुचवलं असेल तर हो म्हणण्याआधी घ्या. टाचेमागच्या कंडरेत किंवा तिच्या अगदी लगत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती तुटण्याचा धोका असतो. इंजेक्शनात नेमकं काय आहे आणि सुई कुठं जाणार आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सल्ल्याची वाट पाहू नये अशी लक्षणं

चालताना किंवा बांधावरून उडी मारताना मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटलं, "कट्" आवाज आला आणि त्यानंतर त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर कंडरा तुटल्याची शंका घ्या. यात फसगत होते, कारण तुटल्यावरही माणूस लंगडत चालतो, पायाची बोटं हलवतो. मुरगळलं असेल म्हणून पट्टा बांधला जातो आणि आठवडे निघून जातात. डॉक्टर रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबतात. चांगल्या पायाचा पंजा त्या दाबानं हलतो, तुटलेल्या पायाचा हलत नाही. अशा माणसाला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या.

दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, घोटा लाल-गरम होऊन ताप आला असेल, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, किंवा शुगरच्या रुग्णाच्या पायाला जखम असून त्याला ती कळतच नसेल, तरीही थांबू नका. गाडी मिळत नसेल तर 108 लावा.

दुखतं कुठं ते पक्कं करा

हे काम घरी, फुकट होतं आणि याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. दवाखान्यात "कुठं दुखते मावशी?" विचारलं की मावशी अख्ख्या घोट्यावरून हात फिरवते. "हे पाहा न बाप्पा, हे सारं इथं." डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, कागदावर "घोटेदुखी" लिहिलं जातं आणि तपासणी तिथंच अडते.

आदल्या दिवशी काम करून आल्यावर, पाय दुखत असतानाच, एका बोटानं दाबत जा. जिथं सगळ्यात जास्त कळ येते तिथं बॉलपेननं फुली करा. सकाळी ती पुसट झाली तर पुन्हा गिरवा.

फुली टाचेच्या मागं, हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर आली, तर टाचेमागच्या मोठ्या कंडरेचा मधला भाग धरला असण्याची शक्यता असते. हिला अॅकिलिस टेंडन म्हणतात. फुली अगदी टाचेच्या हाडावर, जिथं ती कंडरा चिकटते तिथं आली, तर मामला वेगळा आणि व्यायामही वेगळा. पायरीवर उभं राहून टाच पायरीच्या खाली सोडायचा व्यायाम मधल्या भागाला चालतो. हाडाजवळच्या दुखण्यात टाच जमिनीच्या पातळीखाली नेली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढू शकतं. व्यायाम करूनही पाय बिघडतच गेला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे एक कारण असू शकतं. फुलीची जागा दोन बोटं वर की खाली, यावर उपचार फिरतो तो असा.

फुली घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडामागं असेल आणि पायाची कमान बसत चालली असेल, पंजा बाहेर वळलेला दिसत असेल, तर ती दुसरीच कंडरा, जिच्यावर कमान उभी असते. बायांमध्ये चाळिशीनंतर हे जास्त दिसतं, आणि इकडे दुर्लक्ष झालं तर पाय कायमचा सपाट होतो. बाहेरच्या हाडामागं असेल आणि पाय पूर्वी पुन्हापुन्हा मुरगळला असेल, तर तेही आवर्जून सांगा.

सकाळी उठल्यावर पाय किती वेळ आखडलेला असतो तेही पाहा. चार पावलांत सैल होतो की अर्धा तास उलटला तरी तसाच? अर्ध्या तासाहून जास्त, दोन्ही टाचा, सोबत कंबरही आखडते आणि वय तरुण, असं असेल तर हे संधिवाताच्या एका प्रकाराचं दुखणं असू शकतं. मग हाडाच्या डॉक्टरांइतकीच फिजिशियनची गरज आहे.

पिशवी

एक कापडी पिशवी फक्त या पायासाठी ठेवा. तिच्यात सगळे केसपेपर आणि चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे, जुनं वर. एक्स-रेची फिल्म दुमडू नका. सोनोग्राफीचे छोटे फोटो उष्णतेनं काळे-पुसट होतात, ते उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका, आणि आधीच मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवा. एमआरआय झालं असेल तर रिपोर्टासोबत सीडी किंवा फिल्मही न्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं. रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः शुगर आणि युरिक अॅसिड, सोबत असू द्या.

कागद दवाखान्यात राहिले असतील तर लेखी अर्ज करून मागा. मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात आणि त्या तीन वर्षं जपाव्यात, असं डॉक्टरांच्या आचारनियमांत 2002 पासून लिहिलेलं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा हक्कही आहे.

गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, पिशवीत घाला. पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्या असतील तर त्यातली एखादी पुडी तशीच न्या आणि ज्यांनी दिली त्यांना नाव विचारा. त्यात स्टेरॉइड असेल तर ते पुढच्या डॉक्टरांना कळणं फार जरुरीचं आहे. तसंच लघवीच्या किंवा पोटाच्या त्रासासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांपैकी काही घेतलं होतं का, ते आठवा. या गटातल्या औषधांनी कंडरा दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 मध्ये यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढं आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. अशी गोळी आता चालू असेल आणि शीर दुखायला लागली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि चप्पल. रोज शेतात घालता तीच घालून जा, सणावाराची नको. झिजलेल्या तळव्यावरून पाय कुठं भार टाकतो ते डॉक्टरांना दिसतं.

एका कागदावर हकीकत

घरातल्या शाळकरी पोराला बसवून लिहून घ्या. दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी नवीन काय झालं होतं (फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चिखलात फिरणं, परह्याची रोवणी, नवे गमबूट, वारीची पायपीट), काय केल्यानं वाढतं, काय काय उपचार झाले आणि प्रत्येकाचा उपयोग किती दिवस टिकला. कामाचं नाव स्पष्ट लिहा. "शेती" एवढ्यानं शहरातल्या डॉक्टरांना काही कळत नाही. निंदायला तासन् तास उकिडवं बसावं लागतं, हे लिहिलं तर त्यांना लगेच उमगतं, कारण उकिडवं बसल्यावर घोटा पूर्ण वाकतो आणि टाचेच्या हाडापाशी कंडरा दाबली जाते.

आपल्या भागातल्या काही गोष्टी न विसरता लिहा. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड असेल तर ते. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर तो, कारण त्यानंतर घोटे महिनोन् महिने दुखू शकतात. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे, म्हणून पाय अधूनमधून सुजून उतरत असेल तर ते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याच्या गावातले असाल तर पाणी कोणत्या बोअरचं पिता, तेही.

कागदाच्या तळाशी एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत. "इंजेक्शन घेऊ का?" किंवा "ऑपरेशन न केल्यास काय होईल?" किंवा "आजाराचं नाव काय?" डॉक्टरांपुढं बसलं की भल्याभल्यांना बोलायचं सुचत नाही, म्हणून लिहिलेलं बरं.

पहिल्या डॉक्टरांना सांगायचं

इथं लोक फार अडखळतात. तालुक्याचे डॉक्टर ओळखीचे, रात्री-बेरात्री दार उघडणारे. त्यांना वाईट वाटेल म्हणून लपून जातात आणि मग कागदही मागता येत नाहीत. सरळ म्हणा, "साहेब, तुमच्या औषधानं दुखणं कमी होते, पण परत येते. एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून येतो म्हणतो, चिठ्ठी लिहून द्या." चांगले डॉक्टर चिठ्ठी देतात, कोणाला भेटायचं तेही सांगतात. शेवटी फेरतपासणीला तुम्हाला त्यांच्याकडेच यायचं आहे.

जायचं कुठं

आधी जवळचं पाहा. आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात. घोटा हातानं तपासल्याशिवाय यात पुढं जाता येत नाही, पण रिपोर्ट दाखवून कुठल्या डॉक्टरांकडे जावं ते विचारायला ही सोय चांगली आहे, आशाताईंना विचारा. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. हाडाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून मगच निघा.

गुंतागुंत असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. बुलडाणा-वाशीमच्या लोकांना अकोला सोयीचं. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाला शासकीय महाविद्यालयं आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, दोन्ही आसपासच. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय रुग्णालयं, आणि मिहानमधलं एम्स. कंडरेच्या दुखण्याला हाडाचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी एकाच आवारात मिळणं महत्त्वाचं, आणि मोठ्या खासगी नावापेक्षा माझा कल अशा ठिकाणाकडे असतो. तिथं घाईनं ऑपरेशनाकडे नेत नाहीत, आणि व्यायाम कसा करायचा ते कोणीतरी समोर उभं राहून दाखवतं.

ओपीडीच्या खिडकीवर सकाळीच उभं राहा, दुपारी नोंदणी बंद होते. अशा रुग्णालयांत डॉक्टरांची वेगवेगळी युनिटं असतात आणि प्रत्येकाचा वार ठरलेला असतो. केसपेपरवर युनिट आणि वार पाहून घ्या, पुढच्या वेळी त्याच वारी या. नाहीतर तिसऱ्याच डॉक्टरांपुढं नव्यानं सगळं सांगत बसावं लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड ठेवा.

रेशनकार्ड आणि आधार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, क्रमांक 155388. ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, ओपीडीतलं एमआरआय तिच्यात बसेल असं धरून पैसे न घेता निघू नका. ऑपरेशन ठरलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

तपासणीच्या खोलीत

पँट किंवा लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेता येईल असं नेसून जा. दोन्ही पाय उघडे करा, दुखरा एकटाच नको. नीट तपासणी झाली तर डॉक्टर तुम्हाला उभं करून मागून पाहतात, एका पायावर चवड्यावर उचलायला लावतात, फुलीवर दाबतात, पोटरी दाबतात. पायाला हात न लावता थेट एमआरआय लिहून मिळालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा पाय पाहता का?" कंडरा पाहायला सोनोग्राफी पुष्कळदा पुरते आणि ती स्वस्तात होते. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा फारशी दिसत नाही. टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असंही नसतं, कारण असं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या पायांतही सापडतं.

मग तुमचा प्रश्न विचारा. त्यासोबत एवढं नक्की: कोणती कंडरा, तिचा कोणता भाग, फाटली आहे की झिजली आहे, कोणता व्यायाम किती आठवडे, आणि कोणत्या तारखेला पुन्हा दाखवायचं. उत्तरं तिथंच लिहून घ्या. सोबत आलेल्या माणसाचं काम तेच.

फिजिओथेरपिस्टना घराचं खरं चित्र सांगा. घरी जिना नाही, ओटा आहे, तर ओट्यावर व्यायाम बसवून द्या म्हणा. भिंतीचा आधार घेऊन कसं करायचं ते स्वतः करून दाखवा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. व्यायामात थोडं दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. न उतरल्यास जोर कमी करायचा. पाय पूर्ण बांधून खाटेवर बसणंही कंडरेला मानवत नाही, तिला बेताचा भार लागतो. निंदणाला काही आठवडे पाटावर किंवा उलट्या टोपल्यावर बसायची, चिखलातली कामं घरातल्या दुसऱ्यानं करायची सोय होते का, ते घरी आधीच बोलून ठेवा. खरिपात ही सोय होत नाही म्हणूनच बायांचे पाय बरे होत नाहीत, आणि त्यावर चिठ्ठीत लिहिलेल्या गोळीचा उपाय चालत नाही. घरातल्या माणसांनी हे समजून घ्यायला हवं.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा

दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि पाहा, आजाराचं नाव वेगळं आहे की फक्त उपचार वेगळा. नावच वेगळं असेल, एक म्हणतात कंडरा आणि दुसरे म्हणतात युरिक अॅसिड, तर आणखी मत गोळा करण्याआधी तपासणी करा. रक्त किंवा सोनोग्राफी त्याचा निकाल लावू शकते.

नाव एकच, पण एक म्हणतात ऑपरेशन आणि दुसरे म्हणतात व्यायाम, तर विचारा की कंडरा फाटली आहे का. पूर्ण फाटली असेल तर निर्णय लवकर घ्यावा लागतो, आठवडे घालवले की दुरुस्ती अवघड होते. फाटलेली नसेल तर आधी 12 आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून पाहायला बहुधा हरकत नसते. ऑपरेशन नंतरही करता येतं, झालेलं मागं घेता येत नाही. फेरतपासणीची तारीख मात्र चुकवू नका, आणि त्या दिवशी पुन्हा बॉलपेनची फुली करून, तीच पिशवी आणि तीच चप्पल घेऊन जा.